ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली तर कोर्टात काय होतं, काय कागद न्यायचे, आणि दारू सोडायची असेल तर काय करायचं

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकलं आणि १०० मिली रक्तामागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. हे सिग्नल तोडल्याचं चलन नाहीये, जागेवर पैसे भरून मिटत नाही, आमचा मावसभाऊ तीन आठवडे मोबाइलवर ई-चलनच शोधत बसला होता! अटक झाली तर दोन तासांत मेडिकल करावं लागतं, नाही केलं तर सोडावं लागतं.

नोटिशीवरच्या तारखेला मॅजिस्ट्रेट कोर्टात स्वतः जा. सोबत नोटीस, मशीनची स्लिप, लायसन (जमा केलं असेल तर त्याची पावती), आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, सगळं ओरिजिनल आणि झेरॉक्स. गाडी अडकवली असेल तर ती सोडवायचा अर्ज वेगळा, आणि गाडी मित्राची असली तर त्याला पण घेऊन जा, आरसीवर नाव त्याचं असतं ना.

पुकारा झाला की जज विचारतात, गुन्हा कबूल आहे का. पहिल्या वेळेला १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा १५,००० दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. भावाला दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली, म्हणजे संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर गुपचूप बसायचं, पाणी प्यायला उठलं तरी शिपाई बघतो. कबूल करून लवकर सुटता येतं हे खरं, पण पुढच्या वेळी तो दुसरा गुन्हा धरला जातो, म्हणून शंका असेल तर आधी वकिलाशी बोला.

लायसनचं प्रकरण आरटीओत वेगळं चालतं, तिथे तुमचं म्हणणं ऐकतात, मग पहिल्यांदा तीन महिने बंद आणि दुसऱ्यांदा थेट रद्द होऊ शकतं.

आता उपचार. कोर्ट आपणहून व्यसनमुक्तीला पाठवेल या भरवशावर राहू नका, मागावं लागतं. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ४ खाली जज शिक्षेऐवजी बॉण्डवर, म्हणजे नीट वागण्याच्या हमीपत्रावर, सोडू शकतात आणि नशा करायची नाही अशी अट त्यात घालू शकतात. हा हक्क नाही, जजच्या हातात आहे, वय, आधीचं रेकॉर्ड, गुन्हा कसा घडला ते बघतात. त्यामुळे तारखेच्या आधीच उपचार सुरू करून डॉक्टरांचं पत्र, केंद्राचा ॲडमिशनचा कागद वकिलाकडे द्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला फी नसते. फक्त रोज पिणाऱ्याने तारीख जवळ आली म्हणून घरीच एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला दाखवा.