स्वच्छतेची मिरवणूक, इंदूर

होळकरांच्या इंदुरात १९१७ च्या दिवाळीत प्लेगविरुद्ध निघालेली मिरवणूक. ती योजली पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकाराने. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते आणि शहरसुधारणेचा आराखडा करण्याचे काम दरबाराने गेडिसकडे सोपवले होते.

मुंबईत १८९६ मध्ये शिरलेला प्लेग पुढे वीस वर्षे गावोगाव फिरत राहिला. घरात उंदीर पडला की माणसे धास्तावत; मग ताप, काखेत नाही तर जांघेत गाठ, आणि अनेकदा चार-पाच दिवसांत मृत्यू. रोगाचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. तो पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाला चावतात. म्हणजे धान्याच्या कोठीखालची बिळे, पडक्या भिंती, परसातला उकिरडा ही रोगाची खरी ठाणी. पण ती साफ करायची कोणी? पुण्यात १८९७ मध्ये गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, तेव्हा भेदरलेल्या लोकांनी आजारी माणसेच लपवली.

गेडिसने नेमकी उलटी वाट धरली. दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल, पण नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जिथली घरे सर्वांत जास्त झाडलेली, सारवलेली, डागडुजी केलेली असतील त्या रस्त्याने जाईल, असे शहरात जाहीर झाले. मिरवणूक आपल्या दारावरून जाण्याचा मान काय असतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. आळीआळीत चुरस लागली. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय होती. गेडिसच्या हिशेबाने सुमारे सहा हजार गाड्या कचरा शहराबाहेर गेला आणि उंदीर हजारोंनी पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती-घोड्यांचा थाट होताच. त्यामागून मोडकळीला आलेल्या घरांचे देखावे, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा पुरुषभर उंच उंदीर. त्याच्या अंगावर तारांना लावलेल्या पिसवा थरथरत होत्या. ज्या पिसवेवर एरवी कोणी विश्वास ठेवला नसता, ती त्या दिवशी पोराटोरांनी डोळ्यांनी पाहिली. मग सफाई कामगार आले: अंगात धुतलेले पांढरे कपडे, डोक्याला नवे पागोटे, हातातल्या प्रत्येक झाडूला फुलांची माळ. त्यांच्या मागून चालणाऱ्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनीही त्याच रंगाची पागोटी बांधली होती. मला या साऱ्या सोहळ्यात हेच दृश्य सर्वांत मोठे वाटते. ज्यांची सावलीही टाळली जात होती, त्यांच्या मागून त्या दिवशी शहराचे मानकरी चालले.

शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली.

साथ ओसरली ती मिरवणुकीमुळेच, असे म्हणता येणार नाही. प्लेगचा जोर ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो. पण उकिरडे हटले, बिळे बुजली आणि ते काम लोकांनी आपल्या हातांनी, दडपशाहीवाचून केले, एवढे निश्चित. गेडिसचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती पाडून टाकण्यापेक्षा तिची डागडुजी करावी आणि मैल्याचे खत बागांना द्यावे, असा त्याचा आग्रह होता. खताचा विचार इंदुरातच पुढे फळला: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी येथील कृषी संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण व गोमूत्र यांपासून कंपोस्ट करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.