प्लास्टर सुटल्यावर हात का हलत नाही?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला की अंगणं शेवाळतात, बांध निसरडे होतात. पाय घसरतो, पडताना हात आपोआप पुढे टेकतो आणि रेडियस हे अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या सर्जननं १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, या मोडीचं वर्णन करून ठेवलं. पाळी गेल्यावर हाडं विरळ झालेल्या बायकांमध्ये ती जास्त आढळते.

साधारण पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं. हात बारीक झालेला, कातडी कोरडी, मनगट ताठ. बाई तो हात दुसऱ्या हातात धरून छातीशी घेऊन बसते. जरा हलवला की कळ येते आणि मनात एकच विचार येतो: परत मोडलं की काय? घरचेही मायेनं सांगतात, "आत्या, तुम्ही काय करू नका, मी बघते." मला वाटतं, खरी अडचण इथेच सुरू होते.

मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे हाडाच्या दोन टोकांना जोडणारा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो घट्ट होतो. एक्स-रे बघून डॉक्टरांनी प्लास्टर काढलं, याचा अर्थ हलक्या हालचालीला पुरेल इतकं हाड जुळलंय. त्याची घडण पुढेही कितीतरी महिने चालू राहते आणि ती भारानुसार होते. हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं, हे जर्मनीच्या युलियस वोल्फनं १८९२ मध्ये मांडलं होतं.

मग दुखतं कशामुळे? बहुतेक वेळा आखडलेल्या सांध्यामुळे, दुबळ्या स्नायूंमुळे आणि अतिसावध झालेल्या मज्जासंस्थेमुळे. इजा झाल्यावर मेंदू त्या भागाची राखण वाढवतो. हाड जुळलं तरी ती राखण लगेच सैल होत नाही. म्हणून प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नसते. पण कळेच्या भीतीनं हात हलवलाच नाही, तर सांधा आणखी आखडतो, मग थोड्या हालचालीनंही जास्त दुखतं आणि भीती खरी वाटू लागते. हे चक्र व्लाएन आणि लिंटन या संशोधकांनी २००० साली सविस्तर मांडलं. हालचालीच्या या भीतीला कायनेसिओफोबिया म्हणतात. ती मोजायला १७ विधानांची टॅम्पा मोजपट्टी आहे. म्हणजे ही बाईची नाटकं नाहीत, अंगचोरीही नाही.

बेळगावच्या दवाखान्यात कन्नड, मराठी, इंग्रजी मिसळून बोलणं चालतं. घाईत "हात जपा" एवढंच कानावर पडतं, "हलवा" हे राहून जातं. म्हणून तिथेच आपल्या भाषेत विचारून घ्यावं: हाड जुळलंय का? काय करू, काय नको? बोटं, कोपर आणि खांदा तर प्लास्टर असतानाच हलवायचे असतात, नाहीतर तेही धरतात.

सुरुवात हलकी असावी. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघड-मीट करावी. तीर्थ घेताना करतो तसा तळवा वर वळवावा. मोड झाल्यावर हे साधं वळणंही जड जातं. नमस्कारासाठी तळवे छातीशी जोडून, ते न सोडता, हळूहळू खाली न्यावेत. जिथे तळव्यांच्या टाचा, म्हणजे मनगटाजवळचा भाग, एकमेकांपासून सुटू लागतात तिथे ताण येतो; थोडं थांबावं, परत यावं. हालचालीनंतरचा ठणका तासाभरात उतरला तर काळजी नाही. रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करावा, पण थांबू नये. पुढे मऊ कणीक मळावी. भाकऱ्या बडवणं आणि कळशी उचलणं डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

बोटं बधिर किंवा निळसर होणं, हात सुजून तकतकीत होणं, नुसत्या स्पर्शानंही आग होणं, अंगठा अचानक वर न उचलणं, यांतलं काही दिसलं तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

घरच्यांनीही सगळी कामं काढून घेऊ नयेत. शेंगा सोलणं, भाजी निवडणं तिच्याकडेच राहू द्यावं. मुठीतली ताकद सगळ्यात उशिरा येते, पण वर्षभरापर्यंत ती वाढत राहते.