लेआउटमधल्या झाडांना वाफसा का मिळत नाही

आमच्या गावावरून तालुक्याला जाताना डाव्या हाताला एक लेआउट पडलंय. चार वर्षांपूर्वी तिथं पऱ्हाटी (कपाशी) उभी असायची, आता सिमेंटचे रस्ते, नाल्या आणि प्लॉटचे नंबर टाकलेले दगड. मंजुरीच्या अटीत रस्त्याच्या कडेनं झाडं लावायची होती म्हणून बिल्डरनं एका पावसाळ्यात चाळीस झाडं लावली, करंज आणि कडुनिंब, एकाच नर्सरीतली, एकाच आठवड्यात, आणि पहिले दोन उन्हाळे टँकरनं पाणी पण दिलं, हे मी येताजाता स्वतः पाहिलंय. आज त्यातली नऊ जिवंत आहेत. त्या नऊपैकी आठ एकाच ओळीत आहेत, लेआउटच्या पार शेवटी, जिथं पलीकडे लगेच दुसऱ्याच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, लागतो.

तेच रोप, तेच पाणी, तेच ऊन, मग धुऱ्याकडचीच का जगली? कोणी म्हणालं रोपं खराब होती, कोणी म्हणालं जागेला नजर आहे, एकदोन प्लॉटवाल्यांनी तर ट्री गार्डला काळ्या बाहुल्या बांधल्या. नजरेचं म्हणाल तर ती धुऱ्याजवळ येऊन थांबायचं काहीच कारण नाही. कारण जमिनीत आहे, आणि ते सब्बल (पहार) मारून कोणालाही बघता येतं.

मी मारून पाहिली. वाळलेल्या एका करंजाच्या बुंध्याशी माती मऊ होती, सब्बल दोन फूट सहज गेली. बुंध्यापासून दीड फूट बाजूला सरकून मारली तर ठण्ण करून उडाली, चार इंचसुद्धा आत जाईना. झाड उपटून पाहिलं तेव्हा मुळं कुंडीतल्यासारखी गोल गोल फिरलेली, खड्ड्याची भिंत आली की वळली, परत भिंत आली की परत वळली. तीन वर्षं ते झाड त्या खड्ड्याबाहेर पडलंच नव्हतं.

नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, त्यात 2021 साली दुरुस्ती झाली, 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष धरलं आणि झाड तोडलंच तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावा असं सांगितलं. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिकडे न्यूयॉर्कनं 2008 पासून नियम केला की नवं बांधकाम करणाऱ्यानं रस्त्याकडच्या दर 25 फुटाला एक झाड लावायचं. हे सगळं चांगलंच आहे, मी याच्या बाजूनंच लिहितोय. पण यात मोजलं काय जातं? झाडांचा आकडा, फार तर रोपाची उंची. झाडाच्या वाट्याला माती किती आली, ती कशी आहे, हे यात फारसं कोणी विचारत नाही.

आता इथं एक गैरसमज आधी काढायला पाहिजे, तो शिकल्यासवरल्या लोकांतही असतो. झाड वर जितकं उंच तितकंच खाली खोल जातं, म्हणून वरून सिमेंट केलं तरी काय फरक पडतो, मूळ खालून पाणी घेईल. तसं नसतं. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटातच असतात, आणि ती आडवी पसरतात, झाडाच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट लांब. वरच्याच थरात का? कारण मुळाला नुसतं पाणी पुरत नाही, हवा लागते, आणि हवा वरून येते.

पान प्रकाशात अन्न करतं आणि ऑक्सिजन सोडतं, हे आपण शाळेत शिकलो. पण मूळ अंधारात आहे, ते अन्न करत नाही, वरून आलेली साखर जाळून आपली ताकद मिळवतं आणि त्याला ऑक्सिजन आपल्यासारखाच आत घ्यावा लागतो. (याच जागी ते व्हॉट्सअॅपवरचं पण सांगून टाकतो, पिंपळ रात्री पण ऑक्सिजन देतो म्हणतात ते खरं नाही, प्रकाश नसेल तर कुठलंच झाड ऑक्सिजन सोडत नाही, रात्री पिंपळ पण ऑक्सिजन घेतोच. आणि त्याच पिंपळावर मुंजा असतो म्हणून तो घराजवळ नको म्हणणं पण तितकंच बिनबुडाचं. मूळ भिंतीत शिरतं म्हणून लांब लावा, हे कारण पुरेसं आहे.)

मातीला हवा कशी मिळते हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, त्याच्याकडे त्यासाठी शब्दच आहे, वाफसा. चांगली माती म्हणजे अर्धीच माती असते. तिचे कण मध्ये अजिबात फट न ठेवता बसवले तर एका घन सेंटिमीटरचं वजन 2.65 ग्रॅम भरेल, पण वावरातली मोकळी माती भरते 1.3 च्या आसपास, म्हणजे निम्मी जागा पोकळच. या पोकळ्या दोन प्रकारच्या, बारीक आणि मोठ्या. पाऊस पडला की सगळ्या भरतात, मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं आणि तिथं हवा शिरते, बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहतं. पाणी पण आहे, हवा पण आहे, हाच वाफसा.

आता ही मोठी पोकळी पाण्यानं भरलेलीच राहिली तर काय होतं, ते मला सगळ्यात भारी वाटतं. एक लिटर हवेत साधारण 275 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आणि 25 अंशाच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला जेमतेम 8. पण खरी अडचण साठ्याची नाही, वेगाची आहे. ऑक्सिजनचा रेणू हवेतून जितक्या सहज सरकतो त्यापेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणजे मुळाजवळचा ऑक्सिजन मूळ आणि मातीतले जीवाणू मिळून संपवतात, आणि नवा येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. ऑक्सिजन असताना साखरेच्या एका रेणूतून पेशीला एटीपीचे तीसेक रेणू मिळतात, ऑक्सिजन नसला की फक्त 2. एटीपी म्हणजे पेशीचा रोजचा खर्चाचा पैसा समजा. तीस रुपये मजुरी मिळणाऱ्याला एकदम दोन रुपये मिळायला लागले तर तो काय काय बंद करेल, तसं मूळ एकेक काम बंद करत जातं.

आणि त्यात एक काम असं बंद होतं की वाचून मी थक्क झालो होतो. पेशीच्या पडद्यात पाण्यासाठी वेगळी प्रथिनांची दारं असतात, अॅक्वापोरिन म्हणतात त्यांना, ती शोधल्याबद्दल पीटर अॅग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्सिजन संपला की मुळाच्या पेशीचा आतला रस आंबट होतो, म्हणजे त्यात हायड्रोजन आयन वाढतात, यातला एक आयन त्या प्रथिनातल्या हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लावर जाऊन बसतो, त्यामुळे प्रथिनाचा एक लूप आत वाकतो आणि दार बंद. एकेका मुळात अशी अगणित दारं मिटतात. म्हणून मूळ पाण्यात बुडालेलं आणि झाड मात्र तहानलेलं. पऱ्हाटीत हे आपण पाहतोच की, बरेच दिवस उघाड राहते, मग एकदम जोराचा पाऊस येतो, वावरात टोंगळ्याएवढं पाणी थांबतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवीगार पऱ्हाटी मान टाकते. आकस्मिक मर म्हणतात तो हाच प्रकार, त्यात जंतू नाही, बुरशी नाही, मुळांचा श्वास कोंडलेला असतो. म्हणून तर आपण पाणी बाहेर काढतो आणि वाफसा आला की डवरणी करतो.

मग लेआउटमध्ये ही पोकळी कुठे गेली? ती मुद्दाम दाबून टाकलेली असते, आणि इंजिनिअरचं त्यात चुकत नाही हे पण सांगितलं पाहिजे. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडासाठी हे वरदान, या भेगांमधून हवा खोल जाते, वरची भुसभुशीत माती त्यात पडते, काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात ते यामुळेच. पण घरासाठी आणि रस्त्यासाठी ही माती घातक, भिंती तडकतात. म्हणून तिच्यावर मुरूम टाकतात, टँकरनं थोडं पाणी मारतात आणि रोलर फिरवतात.

ते पाणी मारणं पण शास्त्रानं ठरलेलं आहे. 1933 साली लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरनं दाखवलं की कोरडी माती नीट दबत नाही, फार ओली पण नाही, मधल्या एका ठराविक ओलाव्यावर कण एकमेकांवरून घसरून सगळ्यात घट्ट बसतात. आजही भराव किती दाबला हे प्रॉक्टरच्या मापावर 95 टक्के वगैरे असं सांगतात. अशा मुरूमाचं वजन घन सेंटिमीटरला 1.8-1.9 ग्रॅमपर्यंत जातं, पोकळी उरते तीस टक्क्यांच्या आसपास, आणि जी जाते ती बहुतेक मोठी पोकळीच जाते, कारण दाबल्यावर आधी तीच कोसळते. मुळाचं टोक जोर लावून लावून चौरस सेंटिमीटरला दहाएक किलोचा दाब देतं, आणि सळई खुपसून मोजलेला जमिनीचा अडसर वीस किलोच्या वर गेला की बहुतेक मुळं थांबतात. रस्ता बांधणाऱ्याला जे पाहिजे तेच मुळाला चालत नाही, आणि झाड लावायचं ते नेमकं रस्त्याच्या कडेलाच.

अशा जमिनीत दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा केला की ते पाण्याचं टाकं होतं. पावसाळ्यात भरलं की निचरा नाही, मुळं गुदमरतात, आणि एप्रिल-मेमध्ये 45 अंशाच्या उन्हात तेच टाकं दोन दिवसात कोरडं. पहिली दोन वर्षं रोप लहान असतं तोवर भागतं. सगळे म्हणतात झाड लागलं, पण लागलेलं नसतं, खड्डा पुरेपर्यंत जगलेलं असतं.

आता हिशोब करू, आपल्या ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी एक ढोबळ नियम काढला, झाडाच्या सावलीच्या दर चौरस फुटाला दोन घनफूट माती. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस फूट पसरलेला साधा कडुनिंब धरा, म्हणजे दहाचा वर्ग गुणिले 3.14, झाली 314 चौरस फूट सावली, तर माती लागते 628 घनफूट, सव्वासहा ब्रास. हा हिशोब तिकडच्या थंड हवेतला, आपल्याकडे उन्हाळ्यात कमी तर नक्कीच लागणार नाही. आणि आपण देतो किती? आठ घनफूट. एका ब्रासमध्ये असे बारा खड्डे भरतील. कॅनडातल्या टोरोंटो शहराच्या नियमात झाडामागे 30 घनमीटर माती मागतात, म्हणजे साडेदहा ब्रासच्या वर. तिथं बिल्डरला झाडाबरोबर माती दाखवावी लागते, फरक एवढाच आहे पण तो फार मोठा आहे.

सिमेंट आणि झाड दोन्ही पाहिजे असेल तर त्याचाही उपाय याच कॉर्नेलमध्ये नव्वदच्या दशकात निघाला, साधारण 80 टक्के गिट्टी आणि 20 टक्के माती. गिट्टी गिट्टीला टेकून रस्त्याचं वजन पेलते आणि तिच्यामधल्या फटीत माती सैल राहते, रोलर फिरवला तरी दबत नाही. आपल्याकडे गिट्टीची काय कमी आहे.

त्याऐवजी आजकाल सोपी वाट दिसते, कुठंही जगतं म्हणून कोनोकार्पस लावायचा. परदेशी झाड, गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्यावर बंदी आणली. मुळाला जागा न देता झाड जगवायच्या या युक्तीनं माझ्या मते प्रश्न आणखी पुढे ढकलला जातो.

धुऱ्यापलीकडच्या वावरातले काका त्या दिवशी माझं खणणं बघत उभे होते. वाळलेलं मूळ हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, आपन वाफसा पाहून तास धरतो, अन् इथं कोनी पाह्यलंच नाही का जमिनीत काय हाय." मग त्यांनी आपल्या बाजूनं वीतभर माती उकरून दाखवली. धुऱ्याच्या जगलेल्या कडुनिंबाचं बोटाएवढं मूळ खड्ड्यातून निघून, मुरूम संपतो तिथून वळून, सरळ त्यांच्या वावरात गेलेलं होतं.

नगरपंचायतीला आम्ही काही प्लॉटवाल्यांनी मिळून अर्ज दिलाय. वेगवेगळे खड्डे नकोत, नालीच्या कडेनं पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल असा सलग चर काढा, मुरूम बाहेर टाका, जेसीबीनं खालचा तळ फोडा आणि त्याच लेआउटमधून खरवडलेली काळी माती शेणखत मिसळून परत भरा. 42 फूट चर म्हणजे 630 घनफूट, एका झाडाची पूर्ण माती, आणि झाडं 30 फुटावर लावली तरी मुळं एकमेकांच्या वाट्यात शिरून भागवून घेतात. भरण्याआधी एक बादली पाणी तळात ओतून घड्याळ लावायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथंच दिसलं तर तळ आणखी फोडायचा. आणि झाडं पुढच्या जूनमध्ये लावायची, एक पाऊस होऊन माती बसली आणि वाफसा आला की.