फ्लूटी, डग

फ्लूटी, डग : (२३ ऑक्टोबर १९६२ – ). अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू). संपूर्ण नाव डग्लस रिचर्ड फ्लूटी. जन्म मेरिलँड राज्यातील मँचेस्टर येथे. बालपण फ्लॉरिडात गेल्यानंतर कुटुंब मॅसॅचूसेट्स राज्यातील नेटिक येथे स्थायिक झाले व तेथील विद्यालयाच्या संघातून तो पुढे आला. विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोच्च मानाचा हाइझमन करंडक १९८४ मध्ये मिळवूनही व्यावसायिक क्षेत्रात त्याला एकवीस वर्षे संघ बदलत राहावे लागले. दोन देशांतील तीन लीगमधून आणि आठ संघांकडून तो खेळला. त्याची अधिकृत उंची ५ फूट १० इंच (सु. १७८ सेंमी.) होती. आक्रमक फळीतील धिप्पाड सहकाऱ्यांच्या डोक्यांवरून पलीकडचे मैदान दिसले पाहिजे, या समजुतीमुळे व्यावसायिक संघ उंच क्वार्टरबॅक पसंत करीत, आणि फ्लूटीबद्दलचे बहुतेक प्रतिकूल निर्णय या एका मापावरून घेतले गेले.

बॉस्टन कॉलेज : पहिल्या श्रेणीतील विद्यापीठांपैकी केवळ बॉस्टन कॉलेजने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. १९८१ मध्ये तेथे प्रवेश घेतला तेव्हा तो राखीव क्वार्टरबॅकांच्या यादीत अगदी खाली होता. तथापि त्याच हंगामात पेन स्टेटविरुद्ध संघ मागे पडल्यावर प्रशिक्षक जॅक बिक्नेल यांनी त्याला मैदानात उतरविले आणि पुढे ती जागा त्याच्याकडेच राहिली. चार हंगामांत त्याने पासद्वारे, म्हणजे सहकाऱ्यांकडे चेंडू फेकून, १०,५७९ यार्ड मिळविले. विद्यापीठीय फुटबॉलमध्ये दहा हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक होय.

२३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायॅमी येथील ऑरेंज बोल मैदानावर झालेल्या सामन्याने त्याचे नाव देशभर झाले. प्रतिस्पर्धी मायॅमी विद्यापीठ हा आदल्या हंगामातील राष्ट्रीय विजेता संघ होता. अठ्ठावीस सेकंद उरले असता मायॅमी ४५–४१ असा पुढे होता. बॉस्टनने चेंडू मायॅमीच्या ४८ यार्ड रेषेपर्यंत आणला तेव्हा सहा सेकंद शिल्लक होते. शेवटच्या चालीत फ्लूटी बचावपटूंना चुकवीत मागे सरकला आणि आपल्या बाजूच्या साधारण ३७ यार्ड रेषेजवळून त्याने वाऱ्याविरुद्ध चेंडू फेकला. बचावपटूंच्या घोळक्यावरून गेलेला तो पास जेरार्ड फेलन याने एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात) झेलला व बॉस्टनने सामना ४७–४५ असा जिंकला. या पासच्या लांबीबाबत वेगवेगळे आकडे आढळतात, त्याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. अधिकृत नोंदीत चाल जेथून सुरू झाली तेथून अंतर धरतात, म्हणून ती ४८ यार्डांची. चेंडूने हवेत कापलेले अंतर मात्र ६० यार्डांहून बरेच अधिक होते व ते सामान्यतः ६३ किंवा ६४ यार्ड दिले जाते. त्या दिवशी फ्लूटीने एकूण ४७२ यार्डांचे, तर मायॅमीच्या बर्नी कोझारने ४४७ यार्डांचे पास टाकले. एका पासच्या प्रसिद्धीत या दोघांच्या संपूर्ण खेळाकडे दुर्लक्ष होते, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

या पासमुळेच हाइझमन करंडक मिळाला, ही समजूत रूढ आहे. करंडकाची घोषणा आठवडाभरातच, १ डिसेंबर रोजी झाल्यामुळे ती पसरली असावी. परंतु मतदान सामन्यापूर्वीच संपले होते, असे अनेक लेखक सांगतात. काही मते शिल्लक होती असे गृहीत धरले, तरी संपूर्ण हंगामाच्या बळावर फ्लूटीचे पारडे आधीच जड होते. दुसऱ्या क्रमांकावर ओहायओ स्टेटचा कीथ बायर्स होता. करंडकाचे श्रेय हंगामाला देणारे मतच अधिक ग्राह्य वाटते.

‘फ्लूटी परिणाम’ : खेळातील यशामुळे विद्यापीठाकडे येणारे प्रवेश-अर्ज वाढतात, या संकल्पनेला अमेरिकेत फ्लूटीचे नाव मिळाले आहे. बॉस्टन कॉलेजकडील अर्ज १९८४ मध्ये सु. १६ टक्क्यांनी व १९८५ मध्ये सु. १२ टक्क्यांनी वाढले, हा तिचा मूळ आधार. मात्र खुद्द त्या संस्थेतील जाणकारांनी ही कारणमीमांसा पूर्णतः स्वीकारलेली नाही. त्यांच्या मते संस्थेने १९७० च्या दशकापासून वसतिगृहे, आर्थिक साहाय्य आणि देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न वाढविले होते आणि अर्जांची वाढ त्या पासच्या आधीच सुरू झाली होती. नंतरच्या संशोधनाने मात्र संकल्पना सर्वस्वी निराधार ठरविलेली नाही. डेव्हिन पोप आणि जेरन पोप या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये अनेक विद्यापीठांच्या आकडेवारीवरून फुटबॉल व बास्केटबॉलमधील यशाने अर्ज २ ते ८ टक्क्यांनी वाढतात, असे दाखविले. हार्वर्डमधील डग चुंग यांच्या २०१३ मधील अभ्यासात सामान्य संघ उत्कृष्ट झाल्यास ही वाढ १७.७ टक्क्यांपर्यंत जाते, असा निष्कर्ष आहे. दोन्ही अंदाजांत मोठी तफावत असली, तरी दिशा एकच आहे. एकंदरीत परिणाम खरा, पण त्याला ज्याचे नाव मिळाले ते उदाहरणच त्याचा सर्वांत शुद्ध पुरावा नव्हे, अशी भूमिका घेणे उचित ठरेल.

व्यावसायिक वाटचाल : १९८५ मध्ये फ्लूटीने युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगमधील, डॉनल्ड ट्रंप यांच्या मालकीच्या न्यू जर्सी जनरल्सशी करार केला. त्यामुळे नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) ड्राफ्टमध्ये (संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी करावयाच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) त्याचे नाव अकराव्या फेरीपर्यंत मागे पडले व लॉस अँजेलिस रॅम्सने त्याला २८५ वा खेळाडू म्हणून निवडले. युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग लवकरच बंद पडली. रॅम्सने त्याचे हक्क शिकागो बेअर्सला दिले, तेथून १९८७ मध्ये तो न्यू इंग्लंड पेट्रिअट्सकडे गेला. परंतु १९८९ पर्यंत एकाही संघात त्याचे स्थान पक्के झाले नाही.

१९९० मध्ये तो कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये गेला. तेथील मैदान ११० यार्ड लांब व ६५ यार्ड रुंद असते, तर अमेरिकेतील १०० यार्ड लांब व ५३ यार्डांहून किंचित अधिक रुंद. खेळाडू अकराऐवजी बारा असतात. दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चारऐवजी तीनच संधी मिळतात, आणि चेंडू खेळात येण्यापूर्वी झेलणाऱ्यांना रेषेकडे धाव घेता येते. संधी कमी असल्याने पासवर भर द्यावा लागतो आणि रुंदीमुळे धावता धावता फेकणाऱ्याला मोकळी जागा सापडते. फ्लूटीचे कॅनडातील विक्रम या नियमांचे फलित होत, असे म्हणून त्यांचे मोल कमी केले जाते. पण हे नियम तेथील प्रत्येक क्वार्टरबॅकला लागू होते आणि त्याच्याएवढे यश इतर कोणाला मिळाले नाही. ब्रिटिश कोलंबिया लायन्सकडून १९९१ मध्ये ६,६१९ यार्ड व कॅल्गरी स्टॅम्पीडर्सकडून १९९४ मध्ये ४८ टचडाउन पास (एंड झोनमध्ये चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे पास) हे त्याचे एका हंगामातील विक्रम तीस वर्षांनंतरही अबाधित राहिले. १९९२ मध्ये कॅल्गरीला, तर १९९६ व १९९७ मध्ये टोरांटो आर्गोनॉट्सला त्याने लीगच्या विजेतेपदाचा ग्रे करंडक जिंकून दिला आणि आठ हंगामांत सहा वेळा तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

१९९८ मध्ये बफलो बिल्सने त्याला रॉब जॉन्सनचा राखीव म्हणून घेतले. जॉन्सन जखमी झाल्यावर संधी मिळताच त्याने तोवर अपराजित असलेल्या जॅक्सनव्हिल संघाविरुद्ध अखेरच्या क्षणी स्वतः चेंडू घेऊन टचडाउन केले व सामना १७–१६ असा जिंकून दिला. त्या हंगामात त्याची प्रो बोल या, एनएफएलमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. पुढील हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली बिल्सने पंधरापैकी दहा सामने जिंकले, तरी बाद फेरीतील टेनेसी टायटन्सविरुद्धच्या सामन्यात जॉन्सनला उतरविण्यात आले आणि बिल्सचा १६–२२ असा पराभव झाला. हा बदल संघमालकाच्या इच्छेने झाल्याचे प्रशिक्षक वेड फिलिप्स यांनी नंतर सांगितले. पराभव टायटन्सने अंतिम क्षणी चेंडू परतवून केलेल्या टचडाउनमुळे झाला, त्यामुळे त्याचा सारा दोष जॉन्सनला देता येत नाही. तथापि संघाला तेथवर आणणाऱ्याला बाजूला बसविणे समर्थनीय नव्हते. बिल्सला पुन्हा बाद फेरी गाठण्यासाठी २०१७ च्या हंगामापर्यंत थांबावे लागले.

२००१ ते २००४ या काळात तो सॅन डिएगो चार्जर्सकडे होता. २००५ मध्ये तो पेट्रिअट्सकडे परतला व १ जानेवारी २००६ रोजी मायॅमी डॉल्फिन्सविरुद्ध त्याने ड्रॉप किकने एक गुण मिळविला. या प्रकारात चेंडू हातातून जमिनीवर सोडून तो उसळत असतानाच लाथाडावा लागतो. १९३० च्या दशकात पास फेकणे सोपे व्हावे म्हणून चेंडू अधिक निमुळता करण्यात आला. त्याची उसळी बेभरवशाची झाली आणि नियमांत कायम राहूनही हा प्रकार वापरातून गेला. एनएफएलमध्ये याआधीची यशस्वी ड्रॉप किक १९४१ च्या विजेतेपदाच्या सामन्यात शिकागो बेअर्सच्या रे मक्लीनने मारली होती. मे २००६ मध्ये फ्लूटीने निवृत्ती जाहीर केली. एनएफएलमध्ये त्याच्या नावावर १४,७१५, तर कॅनडात ४१,३५५ यार्ड आहेत.

२००७ मध्ये कॅनडाच्या क्रीडा गौरव दालनात त्याचा समावेश झाला. हा मान मिळविणारा तो पहिला बिगर-कॅनेडियन होय. मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाल्यावर त्याने व त्याच्या पत्नीने १९९८ मध्ये स्वमग्न व्यक्तींच्या कुटुंबांना साहाय्य करणारे प्रतिष्ठान स्थापन केले. त्याचा धाकटा भाऊ डॅरेन हाही कॅनेडियन लीगमध्ये खेळला व १९९१ मध्ये दोघे लायन्स संघात एकत्र होते.