हलक्या डेस्कटॉप डेटाबेसवर सॉफ्टवेअर चालवण्याच्या मर्यादा

हलका डेस्कटॉप डेटाबेस म्हणजे ज्याला वेगळा सर्व्हर लागत नाही असा डेटाबेस. सगळा डेटा एका फाईलमध्ये किंवा एका फोल्डरमधल्या फाईलींमध्ये असतो, आणि ती फाईल वाचणारं-लिहिणारं इंजिन ज्या-त्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामसोबतच चालतं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस (१९९२), फॉक्सप्रो आणि त्याच्या डीबीएफ फाईली, आणि एसक्यूलाइट (२०००) ही यातली ओळखीची नावं. लातूर, परभणी, हिंगोलीच्या मोंढ्यातली आडत, गावची पतसंस्था, ट्यूशनवाल्यांची फी, जिनिंगचा वजनकाटा अशा ठिकाणी छोटं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं म्हटलं की बनवणारा बहुतेक इथूनच सुरुवात करतो, कारण लायसनचा खर्च कमी, इन्स्टॉल सोपं आणि एका माणसाला पुरून उरतं.

अडचण दुसरा माणूस बसला की सुरू होते. मर्यादा विचारली की लोक पहिल्यांदा फाईलच्या साईजचा २ जीबी हा आकडा सांगतात, तो खरा आहे, पण मुळातली मर्यादा ती नाही. मधे सर्व्हरच नसतो ही मुळातली मर्यादा, बाकीच्या बहुतेक त्यातूनच निघतात.

पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर असा सर्व्हरवाला डेटाबेस असला तर फाईलला हात फक्त सर्व्हर लावतो, बाकी कॉम्प्युटर नुसतं मागतात आणि त्यांना उत्तर मिळतं. ॲक्सेसमध्ये तसं नाही. मुनीमजींच्या पीसीवर फोल्डर शेअर केलेला असतो, चार कॉम्प्युटरवरून चार इंजिनं तीच फाईल नेटवर्कवरून उघडतात आणि प्रत्येक इंजिन स्वतः त्यातली ४ केबीची पानं (फाईलचे ठरावीक साईजचे तुकडे) बदलतं. आता सोयाबीनच्या सीझनला संध्याकाळी पट्ट्या निघायला लागल्यात आणि लाईट गेली, मुनीमजींचा पीसी इन्व्हर्टरवर आहे पण काट्यावरचा नाही, किंवा सगळे पीसी चालू राहिले पण मधला नेटवर्क स्विच बंद पडला, तर एखादं पान अर्धं लिहून राहतं. सर्व्हर डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत लिहितो आणि उठल्यावर लॉग वाचून स्वतःला सावरतो, ॲक्सेसच्या इंजिनकडं असा लॉगच नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडत नाही आणि 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही ॲक्सेसमधली फाईल दुरुस्तीची सोय वापरावी लागते, ते बऱ्याचदा जमतं, पण कधीकधी काही ओळी गायब होतात आणि कोणत्या गेल्या ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे डेटाबेस किती भरवशाचा, हे जोडलेल्यातला सगळ्यात कमजोर कॉम्प्युटर ठरवतो. वायफायवर शेअर करून चालवणं तर आणखी धोक्याचं, सिग्नल क्षणभर गेला तरी तेच होऊ शकतं. आणि लॉग नाही म्हणजे "काल दुपारी तीन वाजेपर्यंतचा डेटा परत आणून द्या" हे कधीच शक्य नाही, शेवटच्या बॅकअपची कॉपी आहे तेवढीच. तो बॅकअपसुद्धा सगळ्यांनी प्रोग्राम बंद केल्यावरच घ्यायचा, चालू फाईल पेनड्राइव्हवर ओढली तर ती कॉपी बिघडलेली निघू शकते, आणि हे कळतं ते नेमकं गरज पडल्यावर.

ॲक्सेसची फाईल उघडली की शेजारी एलडीबी किंवा एलएसीसीडीबी एक्स्टेन्शनची छोटी फाईल तयार होते, कोण आत आहे त्याची नोंद त्यात असते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. त्यामुळं प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये लिहायची आणि डिलीट करायची परवानगी द्यावीच लागते, आणि ज्याला ती आहे तो अख्खी फाईल कॉपी करून घरी नेऊ शकतो. पतसंस्थेच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते. खातेदारांची नावं, ठेवी, कर्ज सगळं एका कॉपी-पेस्टच्या अंतरावर. एमडीबी या ॲक्सेसच्या जुन्या फॉरमॅटमधल्या फाईलचा पासवर्ड काढून देणारी टूल्स सहज मिळतात. २००७ च्या एसीसीडीबी या नव्या फॉरमॅटपासून एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून केलेलं कुलूप) सुधारलं, पण त्याच फॉरमॅटमधून युजरप्रमाणे परवानग्या देण्याची जुनी सोयही गेली.

स्पीडबद्दल एक गैरसमज आहे, की क्वेरी मारली की अख्खी फाईल नेटवर्कवरून येते. तसं नाही, इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) असेल तर इंडेक्सची आणि लागतील तेवढी डेटाची पानं येतात. पण इंडेक्स नसलेल्या कॉलमवर शोधलं, समजा गावाच्या नावावरून, तर अख्खं टेबल ओढलं जातं आणि गाळणी इकडच्या पीसीवर लागते. उन्हाळ्यात दोन कॉम्प्युटरवर टेस्ट केलेलं सॉफ्टवेअर दसरा-दिवाळीला "दादा, लई स्लो चालायलंय, पट्टीच निघंना" असं होतं ते यामुळं. मायक्रोसॉफ्टने एकावेळी २५५ युजरची मर्यादा लिहिलीय, पण सतत नोंदी टाकणारे असले तर त्याच्या कितीतरी आधीच दम लागतो. लातूरची फाईल उदगीरच्या ब्रँचमधून व्हीपीएनवर उघडायचा तर विचारच करू नये, तिथं रिमोट डेस्कटॉप वापरावा म्हणजे इंजिन फाईलच्या जवळ राहतं.

पावती नंबरचा घोळही नेहमीचा. प्रोग्राम टेबलमधला सगळ्यात मोठा नंबर वाचतो, त्यात एक मिळवतो आणि पट्टी छापतो, दोन कॉम्प्युटरनी एकाच क्षणी वाचलं की दोन शेतकऱ्यांना एकच नंबर. असा कच्चा कोड सर्व्हरवरही चुकेलच, पण तिथं सिक्वेन्स (पुढचा नंबर सर्व्हरच देतो) असतो, स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरवरच ठेवलेला कोड) असतात, नियम एकाच जागी बसवता येतो. ॲक्सेसमध्ये ट्रिगरसारखे, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारे, डेटा मॅक्रो २०१० मध्ये आले, त्याआधी सगळे नियम फॉर्मच्या कोडमध्येच, आणि कुणी टेबल थेट उघडून आकडा बदलला तर अडवणारं कुणी नाही.

साईजचं थोडक्यात. ॲक्सेसमध्ये २ जीबी पूर्ण फाईलला, फॉक्सप्रोमध्ये २ जीबी एका टेबलला. नुसत्या आकड्यांनी ती मर्यादा गाठायला वर्षं लागतात, पण सातबाऱ्याचे, आधारचे स्कॅन फाईलमध्येच भरले तर लवकर भरते. डिलीट केलेली जागा कॉम्पॅक्ट केल्याशिवाय परत मिळत नाही, म्हणून फाईल फुगतच जाते. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची आणि तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ ला संपला.

मराठी डेटाचा प्रश्न वेगळाच आणि आपल्यासाठी मोठा. ॲक्सेसला युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला कोड) २००० च्या आवृत्तीपासून मिळालं, व्हिज्युअल फॉक्सप्रोला पूर्ण असं कधीच मिळालं नाही, त्यामुळं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावं शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये साठवलेली असतात. म्हणजे टेबलात खरं तर इंग्रजी अक्षरं-चिन्हं असतात, फॉन्ट लावला तरच 'ज्ञानोबा' दिसतं. शोधणं, नावाप्रमाणे लावणं, दोन यादी जुळवणं सगळं तिथं गंडतं. एसक्यूलाइट युनिकोड नीट साठवतो, पण मूळ सेटिंगमध्ये क्रम कोडच्या आकड्याप्रमाणे लावतो, म्हणून ळ ची नावं ल नंतर लगेच येतात आणि ॲ ने सुरू होणारी पार ह च्याही खाली जातात. मराठी क्रम हवा तर आयसीयू एक्स्टेन्शन (भाषेप्रमाणे क्रम लावणारी जोड) जोडावं लागतं.

एसक्यूलाइटला ॲक्सेसच्या रांगेत बसवणं मात्र अन्यायाचं आहे. लाईट गेली तर तो जर्नल फाईल (लॉगसारखीच नोंद) वाचून सावरतो, साईजची मर्यादा कागदावर २८१ टीबी आहे, आणि अँड्रॉइड फोनमधली बरीच ॲप त्याच्यावरच चालतात. त्याची मर्यादा म्हणजे एकावेळी लिहिणारा एकच. दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि थांबायची वेळ कोडमध्ये ठरवून दिली नसेल तर 'डेटाबेस इज लॉक्ड' म्हणून एरर येते. २०१० ला आलेल्या वॉल मोडमध्ये (राईट-अहेड लॉगिंग, बदल आधी वेगळ्या लॉग फाईलमध्ये लिहिणं) लिहिणं चालू असताना वाचता येतं, पण वापरणारे सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर पाहिजेत, शेअर फोल्डरवर तो चालत नाही. एकाच मशीनवर वेब ॲप आणि शेजारी एसक्यूलाइट, बाकीचे ब्राउझरमधून, अशी मांडणी छोट्या दुकानाला छान चालते.

ॲक्सेसवरून हलायचं तर फॉर्म-रिपोर्ट लगेच फेकायची गरज नाही. टेबलं पोस्टग्रेस, मारियाडीबी किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये (फुकट, २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत डेटाबेसला १० जीबी) न्यायची आणि ओडीबीसीने (प्रोग्रामला वेगवेगळ्या डेटाबेसशी जोडणारा दुवा) ॲक्सेसला लिंक करायची. फक्त अख्खं टेबल उघडणारे फॉर्म बदलावे लागतात, नाहीतर लिंक केल्यावर पहिल्यापेक्षा स्लो होतं. फॉन्टचं युनिकोड करणं आणि डबल पावती नंबर शोधणं ही कामं टेबलं हलवायच्या आधी करायची, ती नंतर केली तर जुन्या-नव्या नोंदी जुळवत बसावं लागतं. मोंढ्यात हे पावसाळ्यात उरकावं, सोयाबीनची आवक सुरू झाली की प्रोग्राम तासभर बंद ठेवायलाही कुणी तयार होत नाही.