रॅकमधलं पुस्तक डोळ्याला का सापडत नाही?

वाचन प्रेरणा दिनाच्या आठवड्यात पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले होते. देवघेव काउंटरसमोर एक टेबल मांडलेलं होतं. त्यावर सहा पुस्तकं उभी करून ठेवली होती, मुखपृष्ठं आपल्याकडे. झोपेवरचं एक, एकटेपणावरचं एक, चालण्याच्या व्यायामाचं एक, दोन कथासंग्रह आणि कुंडीतल्या भाज्यांचं एक. पाठीला सॅक, हातात स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, अशी एक मुलगी अभ्यासिकेकडे निघाली होती. टेबल ओलांडून दोन पावलं पुढे गेली, थांबली, मागे फिरली आणि तिनं भाज्यांचं पुस्तक उचललं.

“सहा वर्षं ६३५ मध्ये पडून होतं हो हे,” ग्रंथपालबाई मला म्हणाल्या. “तारखेच्या चिठ्ठीवर एक शिक्का नाही.”

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई वर्गीकरणात ६३५ हा बागकामाचा अंक. झोपेचं पुस्तक ६१३ मध्ये असतं, व्यक्तिमत्त्व विकासाचं १५८ मध्ये, मराठी कथा ८९१.४६ मध्ये. म्हणजे ‘जरा बरं वाटावं म्हणून काहीतरी वाचू’ असं मनात असलेल्या माणसाला तीन-चार बोळ पालथे घालावे लागतात. पण बोळांचं अंतर हे निम्मंच कारण. नेमक्या रॅकसमोर उभं राहूनही पुस्तक दिसत नाही, आणि त्याचं कारण आपल्या डोळ्या-मेंदूत आहे. ते मला इतकं आवडतं की त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

एक कागद घ्या. डावीकडे अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या उजवीकडे चार बोटं अंतर सोडून सेंटीमीटरभर उंचीचा ‘क’ काढा. कागद हातभर अंतरावर धरून नजर अधिकच्या चिन्हावर रोखा. ‘क’ कडेला असूनही ओळखता येतो. आता त्याच जागी, तेवढ्याच आकारात ‘फकव’ लिहा आणि पुन्हा चिन्हाकडेच बघा. तिथे काहीतरी अक्षरं आहेत हे कळतं, पण मधलं कोणतं हे सांगता येत नाही. ‘क’ तोच आहे, तेवढाच मोठा आहे, तेवढ्याच अंतरावर आहे.

आपल्याला शाळेत सांगतात की दृष्टिपटलाच्या मध्यभागी शंकूपेशी दाटीनं असतात आणि कडेला विरळ होत जातात, म्हणून कडेचं पुसट दिसतं. ते खरंच आहे. मध्यबिंदूशी एका चौरस मिलिमीटरमध्ये जवळजवळ दोन लाख शंकूपेशी असतात. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीइतकाच, म्हणजे सुमारे दोन अंशांचा पट्टा आपल्याला खरा लख्ख दिसतो. पण ‘फकव’मधला ‘क’ हरवतो तो पुसटपणामुळे नव्हे, कारण एकटा असताना तो दिसत होता. तो हरवतो शेजाऱ्यांमुळे. कडेच्या भागातल्या रेघा, वळणं, दांड्या मेंदू एकेका अक्षराच्या न मोजता एका मोठ्या घासात एकत्र घेतो. नजरेच्या केंद्रापासून जितकं दूर, तितका हा घास मोठा. एका घासात तीन अक्षरं आली की त्यांचे अवयव एकमेकांत मिसळतात. याला दृष्टीतली गर्दी, क्राउडिंग, म्हणतात.

डच संशोधक हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये याचा ढोबळ नियम मांडला. एखादी आकृती नजरेच्या केंद्रापासून जितके अंश दूर, त्याच्या सुमारे निम्मे अंश तरी तिचे शेजारी तिच्यापासून दूर हवेत. दहा अंशांवरच्या ‘क’ला दोन्ही बाजूंना पाच अंश मोकळी जागा लागते.

हे रॅकला लावून बघू. दोन सेंटीमीटर जाडीची पुस्तकं, कणे आपल्याकडे. मी एका पुस्तकाकडे बघते आहे. शेजारचं दोन सेंटीमीटरवर, त्यापुढचं चारवर. चार सेंटीमीटरवरच्या पुस्तकाला मोकळीक हवी दोनची, आणि ती बरोबर तेवढीच आहे. सहा सेंटीमीटरवरच्याला हवी तीनची, मिळते दोनच. म्हणजे डावी-उजवीकडची दोन-दोन पुस्तकं धरून एका नजरेत पाच, आणि त्यापुढे रंगीत पट्ट्यांची खिचडी. गंमत अशी की पुस्तकं जाड केली किंवा तुम्ही मागे सरकलात तरी उत्तर पाचच येतं, कारण नियम गुणोत्तराचा आहे. आता नव्वद सेंटीमीटरच्या फळीवर पंचेचाळीस पुस्तकं म्हणजे नऊ वेळा नजर टाकायची. सहा फळ्यांच्या रॅकला चोपन्न वेळा. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो आणि मग पुढे उडी घेतो, ओळ वाचतानाही तो असाच उड्या मारत जातो. मुद्दाम शोधणारा माणूस हे सगळं करेल. अभ्यासिकेकडे निघालेला करणार नाही.

टेबलावरची सहा पुस्तकं मात्र एक-दोन नजरांत संपतात, आणि तीही चालता चालता, कारण मुखपृष्ठावरची अक्षरं मोठी असतात आणि शेजारी-शेजारी रंग वेगळे असले की गर्दी आणखी सैल पडते. त्या मुलीला पुस्तक दिसलं ते कडेच्या नजरेला. म्हणूनच ती पुढे जाऊन मग वळली. याच कारणानं टेबलावर चाळीस पुस्तकं रचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका, तो आडवा रॅक होतो. आणि प्रदर्शन काचेच्या कपाटात कुलूप लावून तर मुळीच ठेवू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं तिसरं आहे, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. कुलपामागच्या पुस्तकाला तो कसा मिळणार?

वाचायला शिकल्यानं मेंदूही बदलतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने हिंदी, म्हणजे आपलीच देवनागरी, शिकवून त्यांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले गेले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यमेंदूतल्या, डोळ्यांच्या हालचालींशी निगडित असलेल्या उंचवट्यांचं मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागाशी असलेलं नातं, म्हणजे दोघांनी एका लयीत काम करणं, या शिक्षणानंतर घट्ट झालेलं आढळलं. हे मुद्दाम सांगते, कारण ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे वर्ग आपल्याकडे जोरात चालले आणि पालकांनी हजारो रुपये मोजले. ती मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. दृष्टिपटलावर प्रकाश पडल्याशिवाय छापील अक्षर वाचता येत नाही. मेंदूतलं वाचनाचं जाळं घडवायचं असेल तर मुलाला उघड्या डोळ्यांनी रोज वाचू द्या.

टेबलावरचा एक फलक मात्र मला खटकला. ‘फक्त सहा मिनिटं वाचा, ताण ६८ टक्क्यांनी कमी!’ हा आकडा २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या नावानं बातम्यांत आला आणि जगभर फिरतो आहे. त्यामागे मोजक्या स्वयंसेवकांवरचा प्रयोग होता, तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध दाखवता येत नाही. साहित्यिक कथेचा उतारा वाचला की लगेच दुसऱ्याचं मन ओळखता येऊ लागतं, असा २०१३ चा निष्कर्षही २०१८ च्या मोठ्या फेरतपासणीत टिकला नाही. अमेरिकेतल्या ३,६३५ ज्येष्ठांच्या एका अभ्यासात पुस्तकं वाचणारे सरासरीनं जास्त जगलेले दिसले, पण तिथेही वाचनामुळे आयुष्य वाढलं की धडधाकट माणसंच जास्त वाचतात, हे ठामपणे सांगता येत नाही. कुंडीत मेथी कशी लावायची हे वाचावंसं वाटलं म्हणून वाचलं, एवढं कारण त्या मुलीला पुरेसं होतं. मी हे सगळं बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी फलक उतरवून काउंटरखाली ठेवला.

तोवर मुलीनं पुस्तक नोंदवून घेतलं होतं. कोऱ्या चिठ्ठीवर पहिला शिक्का बसला. टेबलावर मध्येच एक जागा रिकामी झाली होती. बाईंनी क्षणभर विचार केला आणि ५९८ मधलं पक्ष्यांचं पुस्तक आणायला त्या आत गेल्या.