पुन्हा उद्भवलेल्या प्रगत अकॅलेसियाची शस्त्रक्रिया

अकॅलेसिया या विकारात अन्ननलिकेच्या भिंतीतील, स्नायूंना सैल पडण्याचा संदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. त्यामुळे जठराच्या मुखाशी असलेला वर्तुळाकार स्नायू गिळताना उघडत नाही आणि घास खाली ढकलणारी अन्ननलिकेची लाटही मंदावते किंवा थांबते. दरवर्षी लाखात साधारण एकाला हा विकार होतो. भाकरीचा, विशेषतः कळण्याच्या भाकरीचा, घास छातीत अडतो अशी तक्रार खानदेशातील रुग्ण करतो. मात्र अन्ननलिकेच्या कर्करोगात बहुधा आधी घट्ट अन्न अडते, तर अकॅलेसियात पाणीही सुरुवातीपासून अडू शकते. तरीही कर्करोग नाही याची खात्री एंडोस्कोपीनेच, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, करावी लागते.

नष्ट झालेल्या चेतापेशी परत आणता येत नाहीत, म्हणून सर्व उपचारांचा रोख अडथळा कमी करण्यावर असतो. जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये जठराच्या मुखाशी असलेला हा स्नायू पुढून व मागून छेदला. पुढे एकच छेद रूढ झाला. आता तो पोटातून दुर्बिणीने, अन्ननलिकेवर सुमारे ६ सेंमी. आणि जठरावर २ ते ३ सेंमी. घेतात व आम्ल वर येऊ नये म्हणून अन्ननलिकेभोवती जठराची अर्धवट घडी घालतात. जपानमध्ये हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये तोंडावाटे एंडोस्कोपीने स्नायू छेदण्याची ‘पोएम’ पद्धत सुरू केली.

शस्त्रक्रियेनंतर त्रास परतला तर आधी कारण शोधावे लागते. जठराकडील छेद अपुरा राहणे, व्रणऊतीने तो पुन्हा जुळणे, घडी घट्ट बसणे किंवा आम्लाने अन्ननलिका आकसणे, यांपैकी काय घडले यावर पुढचा मार्ग ठरतो. त्यासाठी बेरियम पाजून घेतलेले क्ष-किरण चित्रण, एंडोस्कोपी व अन्ननलिकेतील दाबाचे मापन लागते. दाबमापनाची सोय जवळ नसल्यास जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या रुग्णाला नाशिक, मुंबई किंवा सुरत गाठावे लागते. पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जवळ असणे तेव्हा फार उपयोगी पडते. फुग्याने रुंदीकरण, मागच्या बाजूने पोएम किंवा पुन्हा छेद हे पर्याय असतात. पुन्हा छेद घेताना यकृताला चिकटलेली जुनी घडी सोडवताना अन्ननलिकेला भोक पडण्याचा धोका असतो व फायदा पहिल्या वेळेपेक्षा कमी मिळतो.

अन्ननलिका ६ सेंमी.हून अधिक रुंद व नागमोडी झाली की अन्न आत कुजत राहते, ते रात्री श्वासमार्गात शिरून न्यूमोनिया होतो. केवळ एवढ्यावरून अन्ननलिका काढणे घाईचे ठरते, कारण अशा काही रुग्णांनाही छेदाने आराम पडतो. तो न पडल्यास मात्र अन्ननलिका काढून जठराची नळी मानेपर्यंत किंवा छातीत वर आणतात. जठर वापरण्याजोगे नसेल तर मोठ्या आतड्याचा भाग घेतात. फुगलेल्या अन्ननलिकेच्या रक्तवाहिन्या मोठ्या असतात आणि जुन्या शस्त्रक्रियेने ती आजूबाजूला चिकटलेली असते, म्हणून अनेक शल्यचिकित्सक छातीतून प्रत्यक्ष पाहत ती सोडवणे पसंत करतात. जोडणीतून गळती, न्यूमोनिया व आवाज बसणे हे मुख्य धोके असून, काही रुग्णांचा मृत्यूही होतो. त्यामुळे ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रातच व्हावी. त्यानंतर थोडे थोडे, अनेक वेळा खावे लागते आणि जेवून लगेच आडवे होता येत नाही. अन्ननलिका राखलेल्या रुग्णांमध्ये कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक राहतो.